ऑफिसातल्या जुन्या मशीनवर गिटचा रिमोट रेपो: टर्मिनलवरून उभारणी, पहिल्या कमांडपासून बॅकअपपर्यंत

गिट म्हणजे फाइलींमधल्या बदलांचा इतिहास जपणारे साधन. ते शिकणाऱ्या बहुतेकांची सुरुवात गिटहब या वेबसाइटवर खाते उघडून होते आणि गिट म्हणजेच गिटहब ही समजूत तिथेच पक्की होते. लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतले एप्रिल २००५ मध्ये, लिनक्स कर्नलच्या कामासाठी, बिटकीपर या व्यावसायिक साधनाची फुकट वापराची सोय काढून घेतली गेल्यावर. गिटहब आले २००८ मध्ये. मधल्या काळात कर्नलचे प्रोग्रामर गिटवरच काम करत होते आणि त्यांचे रिमोट रेपो (रेपो म्हणजे प्रोजेक्टचा इतिहास ठेवणारा फोल्डर) साध्या सर्व्हरवरच्या साध्या फोल्डरांत होते. आजही रिमोट रेपो तेवढाच असतो: दुसऱ्या मशीनवरचा एक फोल्डर आणि तिथपर्यंत जाणारी एक वाट.

म्हणून माझा आग्रह असा, की पहिला रिमोट रेपो स्वतःच्या हाताने उभारावा. त्यात तीन ठिकाणे येतात: आपले मशीन, वाट आणि पलीकडचा फोल्डर. ती एकदा वेगवेगळी दिसली, की पुढे त्रुटीची कुठलीही लाल ओळ आली तरी बिघाड तिघांपैकी कुठे आहे हे शोधता येते. हे कळल्यावर गिटहब, गिटलॅब किंवा कंपनीचा अंतर्गत सर्व्हर, काहीही समोर आले तरी काम तेच राहते.

आपण घेऊ ते उदाहरण साधे आहे. ऑफिसात किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये एक जुना पीसी पडून आहे, त्यावर उबुंटू किंवा डेबियन (लिनक्सचे प्रकार) आहे आणि तो राउटरला जोडलेला आहे. तीन-चार जणांना 'हिशेब' नावाच्या प्रोजेक्टवर मिळून काम करायचे आहे. इंटरनेट गेले तरी ऑफिसातल्या ऑफिसात पुश-पुल (काम पलीकडच्या रेपोत पाठवणे आणि तिथून आणणे) चालू राहते, हा या रचनेचा मोठा फायदा आहे. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्यांना त्याची किंमत सांगायला नको.

कमांडबद्दल एक सूचना आधीच देतो. इथे सगळ्या कमांड देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, मूळ इंग्रजी स्पेलिंगने, इंग्रजी आकड्यांनी आणि लहान अक्षरांत टाइप करायच्या. जिथे मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे. रेघा, ठिपके, कोलन आणि मधल्या जागा मात्र जशा दिसतात तशाच ठेवा. एक जागा जास्त पडली तरी अर्थ बदलतो.

## आपले मशीन: पुश करण्याआधीची तयारी

विंडोजवर असाल तर 'गिट फॉर विंडोज' बसवा. त्यासोबत गिट बॅश हे टर्मिनल मिळते आणि खालच्या कमांड त्यात चालतात. लिनक्स आणि मॅकवर नेहमीचे टर्मिनल पुरते. आधी आवृत्ती पाहा:

```
गिट --व्हर्जन
```

२.२८ किंवा त्यापुढची असेल तर उत्तम, कारण पहिल्या ब्रँचचे (कामाच्या शाखेचे) नाव ठरवण्याची सोय त्या आवृत्तीत आली. मग ओळख नोंदवा. ही नावे प्रत्येक कमिटवर (बदलांच्या प्रत्येक नोंदीवर) कायमची उमटतात, म्हणून ईमेल विचार करून द्या.

```
गिट कॉन्फिग --ग्लोबल यूजर.नेम "तुमचे नाव"
गिट कॉन्फिग --ग्लोबल यूजर.ईमेल "तुमचा ईमेल"
गिट कॉन्फिग --ग्लोबल इनिट.डिफॉल्टब्रँच मेन
गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स
```

चौथी ओळ मराठीत काम करणाऱ्यांसाठी आहे. फाइलचे नाव देवनागरीत असेल तर गिट ते मुळात अक्षरांत दाखवत नाही. तिरप्या रेघा आणि तीन-तीन आकड्यांची लांब माळ दाखवतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते आणि गिट प्रत्येक बाइट वेगळा छापतो. नाव बिघडलेले नसते, दाखवण्याची पद्धत तशी असते. कोटपाथ बंद केला की 'जमाखर्च' हे 'जमाखर्च' असेच दिसते. फाइलच्या आतल्या मराठी मजकुराला कसलीच अडचण नाही, फक्त तो यूटीएफ-८ मध्ये जतन झालेला हवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर असेल तर तो आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर दोन कमिटमधला फरक कुणालाच वाचता येणार नाही.

आता प्रोजेक्टच्या फोल्डरात जा आणि रेपो सुरू करा:

```
सीडी हिशेब
गिट इनिट
```

इथे घाई करू नका. पहिल्या कमिटच्या आधी, म्हणजे काहीही बाहेर जाण्याच्या कितीतरी आधी, काय बाहेर जाऊ नये हे ठरवायचे असते. फोल्डरात '.गिटइग्नोअर' नावाची फाइल करा (सुरुवातीचा ठिपका नावाचाच भाग आहे) आणि एका ओळीत एक याप्रमाणे वगळायच्या गोष्टी लिहा:

```
.ईएनव्ही
*.लॉग
नोड_मॉड्यूल्स/
```

डेटाबेसचे पासवर्ड (ते बहुधा '.ईएनव्ही' फाइलीत असतात), पेमेंटच्या किंवा एसएमएस सेवेच्या गुप्त की, ग्राहकांच्या नावापत्त्यांची एक्सेल फाइल, यातले काहीही रेपोत जाता कामा नये. गिट इतिहास जपतो, हेच त्याचे काम. आज पासवर्ड कमिट केला आणि उद्या फाइल काढून टाकली, तरी कालच्या कमिटमध्ये तो जसाच्या तसा असतो आणि क्लोन करणाऱ्या (रेपोची पूर्ण प्रत घेणाऱ्या) प्रत्येकाकडे जातो. असा पासवर्ड एकदा पुश झाला, की तो फुटला असे धरून आधी बदलायचा. इतिहासाची साफसफाई त्यानंतर.

फाइल फक्त चुकून ॲड झाली असेल, कमिट अजून झाले नसेल, तर 'गिट आरएम --कॅश्ड' आणि पुढे फाइलचे नाव द्या. फाइल डिस्कवर राहते, गिटच्या यादीतून जाते. '.गिटइग्नोअर'मध्ये नाव लिहिल्याने आधीच नोंदलेली फाइल आपोआप वगळली जात नाही, हे अनेकांना उशिरा कळते.

```
गिट ॲड .
गिट स्टेटस
गिट कमिट -एम "हिशेबाची पहिली मांडणी"
```

मधली स्टेटसची ओळ गाळू नका. यादी नजरेखालून घाला, मगच कमिट करा. कमिटचा संदेश खुशाल देवनागरीत लिहा. तो रोमनमध्येच हवा असा नियम नाही आणि टीम मराठी असेल तर सहा महिन्यांनी तो वाचणाऱ्याला बरे पडते.

## पलीकडचे मशीन

जुन्या पीसीसमोर बसून हे एकदाच करायचे आहे ('सुडो' म्हणजे कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे):

```
सुडो एपीटी इन्स्टॉल गिट ओपनएसएसएच-सर्व्हर
सुडो ॲडयूजर गिट
होस्टनेम -आय
```

तिसऱ्या ओळीतला 'आय' मोठा. दुसऱ्या ओळीने 'गिट' नावाचा स्वतंत्र वापरकर्ता तयार होतो. त्याला पासवर्ड द्या, तो थोडाच वेळ लागणार आहे. टीममधले सगळे याच एका नावाने येतील आणि कुणाला आत घ्यायचे हे त्यांच्या की (किल्ली) वरून ठरेल. प्रत्येकाला वेगळे लिनक्स खाते देऊनही हे जमते, पण मग एकाने पुश केलेल्या फाइलींवर दुसऱ्याला लिहिता येत नाही, ग्रुपच्या परवानग्या लावत बसावे लागते आणि रेपो '--शेअर्ड=ग्रुप' देऊन तयार करावा लागतो. लहान टीमला एकच खाते सोयीचे.

तिसऱ्या ओळीने मशीनचा आयपी पत्ता मिळतो. समजा तो १९२.१६८.१.५० आहे. राउटर हे पत्ते आपल्या मर्जीने वाटतो आणि मशीन बंद-चालू झाले की पत्ता बदलू शकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन या मशीनसाठी पत्ता राखून ठेवा. काम पाच मिनिटांचे आहे. ते राहून गेले तर वीज जाऊन आल्यावर सगळ्यांचे पुश एकदम थांबतात आणि दोष गिटला दिला जातो.

## वाट: एसएसएच आणि तिच्या किल्ल्या

आता पुन्हा आपल्या मशीनवर. वाट म्हणजे एसएसएच, दुसऱ्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरायची सोय. तिच्यासाठी किल्ल्यांची जोडी तयार करा:

```
एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९
```

फाइल कुठे ठेवायची हे विचारेल, एंटर दाबा. पासफ्रेज (किल्लीचा पासवर्ड) विचारेल, तो द्या. लॅपटॉप चोरीला गेला तर तेवढाच आडोसा उरतो. दोन फाइली तयार होतात. शेवटी '.पब' असलेली सार्वजनिक, ती कुणालाही द्या. दुसरी खासगी, ती ईमेलवर, व्हॉट्सॲपवर किंवा पेन ड्राइव्हवर कुठेही जाऊ देऊ नका. कुणी 'तुझी की पाठव' म्हणाले, तर पाठवायची ती '.पब'वालीच. आता ती सर्व्हरवर पोचवा:

```
एसएसएच-कॉपी-आयडी गिट@१९२.१६८.१.५०
```

पहिल्यांदाच जोडत असल्यामुळे टर्मिनल एक ठसा दाखवेल, 'एसएचए२५६:' ने सुरू होणारी अक्षरांची ओळ, आणि पुढे जाऊ का असे विचारेल. इथे जवळजवळ सगळेच न वाचता 'यस' टाइप करतात. हा प्रश्न एवढाच असतो: समोरचे मशीन तुम्ही समजता तेच आहे का? सर्व्हरसमोर बसून त्याचा ठसा असा पाहता येतो:

```
एसएसएच-कीजेन -एलएफ /ईटीसी/एसएसएच/एसएसएच_होस्ट_ईडी२५५१९_की.पब
```

दोन्ही ओळी जुळल्या तरच हो म्हणा. मार्च २०२३ मध्ये गिटहबलाही आपली आरएसए होस्ट की (सर्व्हरची ओळख सांगणारी किल्ली) तातडीने बदलावी लागली, कारण तिचा खासगी भाग थोडा वेळ एका सार्वजनिक रेपोत दिसत होता. त्या दिवशी असंख्य प्रोग्रामरांना 'होस्टची ओळख बदलली आहे' असा इशारा आला. नवा ठसा गिटहबने प्रसिद्ध केला होता आणि तो ताडून पाहायचा होता. इशारा नुसता दाबून पुढे जायची सवय असेल, तर खरा घुसखोर मधे बसला तरी आपण त्यालाही हो म्हणून मोकळे होऊ.

कॉपी झाल्यावर 'एसएसएच गिट@१९२.१६८.१.५०' करून पाहा. सर्व्हरच्या खात्याचा पासवर्ड न विचारता आत गेलात, तर वाट तयार झाली. तरीही पासवर्ड मागत असेल तर कारण बहुधा परवानग्यांमध्ये असते. किल्ल्यांच्या फोल्डरात इतर कुणाला लिहिता येत असेल, तर एसएसएच सर्व्हर ती यादीच मानत नाही. सर्व्हरवर, गिट वापरकर्ता म्हणून:

```
सीएचमॉड ७०० ~/.एसएसएच
सीएचमॉड ६०० ~/.एसएसएच/ऑथराइज्ड_कीज
```

दर वेळी आकडे टाइप करायला नकोत म्हणून आपल्या मशीनवर '~/.एसएसएच/कॉन्फिग' या फाइलीत चार ओळी लिहा:

```
होस्ट ऑफिस
  होस्टनेम १९२.१६८.१.५०
  यूजर गिट
  आयडेंटिटीफाइल ~/.एसएसएच/आयडी_ईडी२५५१९
```

यापुढे 'ऑफिस' एवढे नाव पुरते. एसएसएच नेहमीच्या २२ सोडून दुसऱ्या पोर्टवर चालत असेल, तर तोही इथेच 'पोर्ट' असे लिहून द्यावा. पत्ता बदलला तर बदल या एका फाइलीत होतो, प्रोजेक्टला हात लावावा लागत नाही. माझ्या मते या सगळ्या उभारणीत सर्वांत उपयोगी चार ओळी याच आहेत.

## फोल्डर: बेअर रेपो

'एसएसएच ऑफिस' करून आत जा आणि रेपो तयार करा:

```
गिट इनिट --बेअर --इनिशियल-ब्रँच=मेन हिशेब.गिट
```

'बेअर' म्हणजे ज्यात काम करायच्या फाइली नाहीत, फक्त इतिहास आहे. आपल्या मशीनवरच्या रेपोत दोन गोष्टी असतात: उघडून बदलता येतील अशा फाइली आणि '.गिट' या लपलेल्या फोल्डरातला इतिहास. सर्व्हरवर कुणी बसून फाइली बदलणार नाही, म्हणून तिथे दुसरीच गोष्ट पुरे. साधा रेपो ठेवून त्याच्या चालू ब्रँचवर पुश केले, तर इतिहास पुढे जाईल आणि समोरच्या फाइली जुन्याच राहतील. तिथून कुणी कमिट केले की सगळ्यांचे काम उलटे फिरेल. म्हणूनच आवृत्ती १.७.० पासून, म्हणजे २०१० पासून, गिट असे पुश मुळातच नाकारतो. नावाच्या शेवटी '.गिट' लावायचे बंधन नाही, पण बेअर रेपो ओळखू यावा म्हणून तशी पद्धत आहे.

ब्रँचचे नाव द्यायला विसरू नका. ते दिले नाही तर रेपोचा 'हेड' (उघडायची ब्रँच सांगणारी खूण) बहुधा 'मास्टर'कडे बोट दाखवतो, तुम्ही पुश करता 'मेन', आणि नवा माणूस क्लोन करतो तेव्हा त्याला रिकामा फोल्डर मिळतो. रेपोत सगळे काही असते, फक्त उघडायचे काय हे गिटला कळत नाही. उबुंटू २०.०४ सारख्या जुन्या मशीनवर गिट २.२५ आहे, त्याला हा पर्याय ठाऊकच नाही. तिथे नुसते 'गिट इनिट --बेअर हिशेब.गिट' करा, त्या फोल्डरात जा आणि हे चालवा ('हेड' मोठ्या अक्षरांत):

```
गिट सिम्बॉलिक-रेफ हेड रेफ्स/हेड्स/मेन
```

फोल्डरात असतानाच दोन कुलपे लावून घ्या:

```
गिट कॉन्फिग रिसीव्ह.डिनायनॉनफास्टफॉरवर्ड्स ट्रू
गिट कॉन्फिग रिसीव्ह.डिनायडिलीट्स ट्रू
```

पहिल्याने कुणालाही जबरदस्तीच्या पुशने सर्व्हरवरचा इतिहास पुसता येत नाही. दुसऱ्याने ब्रँच उडवता येत नाही. दोन्ही नियम सगळ्या ब्रँचना लागू होतात. त्यामुळे जे लोक आपल्या वेगळ्या ब्रँचवर वारंवार रीबेस करून (आपली कमिट नव्याने रचून) पुन्हा पुश करतात त्यांची थोडी अडचण होईल. नवख्या टीमसाठी ती अडचण मी आनंदाने पत्करेन.

टीममधल्या बाकीच्यांनीही आत्ताच आपापल्या मशीनवरून एसएसएच-कॉपी-आयडी चालवून घ्यावे, कारण पुढच्या दोन कमांडनंतर तो दरवाजा बंद होतो. सर्व्हरवर, सुडो चालवू शकणाऱ्या तुमच्या नेहमीच्या खात्यातून:

```
सुडो पासडब्ल्यूडी -एल गिट
सुडो यूजरमॉड -एस /यूएसआर/बिन/गिट-शेल गिट
```

पहिलीने पासवर्डने येणे थांबते. दुसरीने 'गिट' खात्याला पूर्ण टर्मिनल न मिळता फक्त पुश, पुल आणि क्लोन एवढेच करता येते. आता 'एसएसएच ऑफिस' केले तर इंटरॅक्टिव्ह शेल चालू नाही असा संदेश येऊन जोड तुटेल; तसेच व्हायला हवे. पुढे नवा माणूस आला तर त्याची '.पब' मधली ओळ सुडो वापरून 'ऑथराइज्ड_कीज' च्या शेवटी जोडा, कुणी सोडून गेला तर त्याची ओळ काढा. नवा रेपो हवा असेल तर:

```
सुडो -यू गिट गिट इनिट --बेअर --इनिशियल-ब्रँच=मेन /होम/गिट/नवे.गिट
```

## जोडणी आणि पहिला पुश

आपल्या मशीनवर, 'हिशेब' फोल्डरात:

```
गिट रिमोट ॲड ओरिजिन ऑफिस:हिशेब.गिट
गिट रिमोट -व्ही
```

पहिली कमांड नेटवर्कवर काहीही करत नाही. ती फक्त नोंद करते, की 'ओरिजिन' म्हणजे अमुक पत्ता. पत्ता चुकीचा असला तरी ती हूं की चूं करत नाही, म्हणून तिच्या यशावर विसंबू नका. कोलननंतरचा मार्ग गिट खात्याच्या होम फोल्डरापासून मोजला जातो. कोलननंतर तिरपी रेघ दिली तर तो मशीनच्या मुळापासून मोजला जाईल आणि रेपो सापडणार नाही. पत्ता बरोबर आहे का ते असे पाहा:

```
गिट एलएस-रिमोट ओरिजिन
```

रेपो अजून रिकामा आहे, त्यामुळे काहीच न छापता प्रॉम्प्ट परत आला तर वाट आणि फोल्डर दोन्ही ठीक. मग:

```
गिट पुश -यू ओरिजिन मेन
```

शेवटच्या ओळींत 'न्यू ब्रँच' आणि 'मेन -> मेन' असे दिसेल. '-यू' ने तुमची मेन ब्रँच ओरिजिनच्या मेनशी बांधली जाते. यापुढे नुसते 'गिट पुश' आणि 'गिट पुल' पुरते. आता दुसऱ्या एखाद्या फोल्डरात जाऊन 'गिट क्लोन ऑफिस:हिशेब.गिट तपासणी' करा आणि आत डोकावून पाहा. सगळ्या फाइली आहेत का? '.ईएनव्ही' आलेली नाही ना? टीमला पत्ता द्यायचा तो ही तपासणी झाल्यावर.

## लाल ओळी आल्या तर

आपल्या मशीनवरची चूक ओळखायला सोपी असते. 'सोर्स रेफस्पेक मेन डझ नॉट मॅच एनी' म्हणजे मेन नावाची ब्रँचच तुमच्याकडे नाही. एकतर अजून एकही कमिट झालेले नाही किंवा ब्रँचचे नाव मास्टर आहे. 'गिट ब्रँच -एम मेन' ने चालू ब्रँचचे नाव बदलते. 'रिमोट ओरिजिन ऑलरेडी एक्झिस्ट्स' आले तर ॲड ऐवजी 'गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन' आणि पुढे नवा पत्ता द्या.

'परमिशन डिनाइड (पब्लिककी)' ही वाटेतली अडचण. तुमची की पलीकडे ओळखली गेली नाही. गिटच्या सेटिंगमध्ये तिचा इलाज शोधू नका. 'एसएसएच -व्ही ऑफिस' चालवा आणि कोणती की फाइल पुढे केली जात आहे ते वाचा. पुष्कळदा कॉन्फिग फाइलीतला मार्ग चुकलेला असतो. 'कनेक्शन टाइम्ड आउट' असेल तर त्या पत्त्यावर कुणी उत्तरच देत नाही: मशीन बंद असेल, पत्ता बदलला असेल किंवा तुम्ही ऑफिसच्या वायफायवर नसाल.

'डझ नॉट अपिअर टू बी अ गिट रिपॉझिटरी' असे आले तर वाट ठीक आहे, पलीकडे पोचल्यावर फोल्डर सापडला नाही. नाव आणि कोलननंतरचा मार्ग तपासा.

रोजच्या कामात सर्वांत जास्त भेटतो तो 'फेच फर्स्ट'. हा बिघाड नाही. तुमच्या आधी कुणीतरी पुश केले आहे आणि ते काम तुमच्याकडे अजून आलेले नाही.

```
गिट पुल --रीबेस
गिट पुश
```

दोघांनी एकाच ओळीला हात लावला असेल तर मधे कॉन्फ्लिक्ट येईल. फाइल उघडा, कोणते ठेवायचे ते ठरवा (शेजारी बसलेल्याला विचारून), 'गिट ॲड' करा आणि 'गिट रीबेस --कंटिन्यू' म्हणा. अशा वेळी इंटरनेटवर '--फोर्स' हा उपाय हमखास सुचवला जातो. तो म्हणजे सहकाऱ्याचे काम सर्व्हरवरून पुसणे. आपण कुलूप लावल्यामुळे इथे तो चालणार नाहीच. दुसऱ्या सर्व्हरवर कधी खरोखर गरज पडली, तर '--फोर्स-विथ-लीझ' वापरा. तुम्ही शेवटचे पाहिले त्यानंतर कुणी पुश केले असेल तर तो थांबतो. मात्र फरक न वाचता नुसते फेच करून (सर्व्हरवरची नवी कमिट मागवून) लगेच तो चालवलात, तर ते संरक्षण उरत नाही.

## तोच प्रोजेक्ट गिटहबवरही

एका रेपोला कितीही रिमोट असू शकतात. बाहेरगावच्या सहकाऱ्यासाठी गिटहबवर प्रत हवी असेल, तर ब्राउझर फारसा न उघडताही जमते. गिटहबचे टर्मिनल साधन 'जीएच' बसवा आणि:

```
जीएच ऑथ लॉगिन
जीएच रेपो क्रिएट हिशेब --प्रायव्हेट --सोर्स=. --रिमोट=गिटहब
गिट पुश गिटहब मेन
```

लॉगिनमध्ये प्रोटोकॉल विचारल्यावर एसएसएच निवडा. तुमची सार्वजनिक की चढवायची का हेही ते विचारते. गिटच्या कामासाठी खात्याचा पासवर्ड चालणे गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून बंद केले आहे. त्यामुळे पासवर्ड टाइप करायला सांगणाऱ्या जुन्या सूचना बाजूला ठेवा.

या पुशमध्ये मी '-यू' दिलेला नाही, तो मुद्दाम. दिला असता तर तुमचे नुसते 'गिट पुश' ऑफिसऐवजी गिटहबकडे जाऊ लागले असते. रेपो वेबसाइटवरून तयार करणार असाल तर 'रीडमी' फाइल जोडण्याची खूण करू नका. त्या खुणेने तिथे एक वेगळे पहिले कमिट जन्माला येते, दोन इतिहासांचे मूळ एक राहत नाही आणि पहिलाच पुश अडतो. शंभर एमबीपेक्षा मोठी फाइलही गिटहब घेत नाही. डेटाबेसचा डंप चुकून जुन्या कमिटमध्ये राहिला असेल, तर तो इथे उघडा पडतो.

## बॅकअप

ऑफिसातले मशीन जुने आहे. त्याची हार्ड डिस्क एक दिवस जाणार, हे धरूनच चाला. प्रत्येकाच्या मशीनवर इतिहास असतो हे खरे, पण कुणाकडे कोणत्या ब्रँच आहेत याची खात्री नसते. पूर्ण प्रत अशी घ्या, आपल्या मशीनवर एकदाच:

```
गिट क्लोन --मिरर ऑफिस:हिशेब.गिट हिशेब-आरसा.गिट
```

पुढे दर आठवड्याला त्या फोल्डरात जाऊन:

```
गिट रिमोट अपडेट
गिट बंडल क्रिएट हिशेब.बंडल --ऑल
गिट बंडल व्हेरिफाय हिशेब.बंडल
```

आरसा सर्व्हरच्या मागे मागे चालतो. सर्व्हरवरची ब्रँच बिघडली तर पुढच्या अपडेटला आरशातही बिघडते. बंडल ही मात्र त्या दिवसापुरती गोठलेली एक अखंड फाइल असते. नावात तारीख घालून ती पेन ड्राइव्हवर टाका आणि ड्राइव्ह ऑफिसच्या बाहेर, कुणाच्या तरी घरी ठेवा. मागचे चार बंडल राहू द्या. कधीतरी 'गिट क्लोन हिशेब.बंडल चाचणी' करून ती उघडते का ते पाहा; न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नये.

आणि मशीन खरेच गेले, तर दुसऱ्या पीसीवर वरच्याच कमांडनी गिट खाते, किल्ल्या आणि बेअर रेपो पुन्हा तयार करा. राउटरमध्ये त्याला तोच पत्ता द्या. पत्ता तोच पण मशीन नवे, म्हणून सगळ्यांना होस्टची ओळख बदलल्याचा इशारा येईल. यावेळी कारण माहीत आहे, तेव्हा प्रत्येकाने जुना ठसा काढायचा ('आर' मोठा) आणि नवा ताडून स्वीकारायचा:

```
एसएसएच-कीजेन -आर १९२.१६८.१.५०
```

त्यानंतर आरशाच्या फोल्डरातून:

```
गिट पुश --मिरर ऑफिस:हिशेब.गिट
```

सगळ्या ब्रँच आणि टॅग नव्या मशीनवर जातात. शेवटच्या अपडेटनंतर कुणी पुश केले असेल, तर ते कमिट त्याच्याकडे असतेच. त्याने 'गिट पुश' केले की तेही परत जागेवर येते.